पाते परमुलखाचे, मूठ घरची

माणसाला काहीतरी जमवण्याचा नाद असतो. कुणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कुणी जुनी नाणी, कुणी अडकित्ते. सातारा-सांगलीकडच्या पुष्कळ घरांत मात्र एक वस्तू कुणी मुद्दाम जमवलेली नसतानाही आहे. ती म्हणजे तलवार. वाड्याच्या सोप्यात खुंटीला टांगलेली, देव्हाऱ्याजवळ उभी केलेली, नाहीतर माळ्यावरच्या पेटीत जुन्या धोतरात गुंडाळलेली. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ती बाहेर येते. तिला हळदकुंकू लागते, झेंडूचे फूल वाहिले जाते आणि दसरा झाला की ती पुन्हा जागेवर जाते. ही कुणाची, कुठली, किती जुनी, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते. “आमच्या खापरपणजोबांची. पानिपताला होते ते.”

हे खरेही असेल. पण वाचकहो, तलवार स्वतःही काही सांगत असते आणि ते वाचायला शिकता येते. हा नाद कसा करावा, त्यात काय पाहावे आणि काय टाळावे, एवढेच इथे सांगायचे आहे.

पहिली गोष्ट अशी की तलवार ही एक वस्तू नव्हे. ती दोन-तीन वस्तूंची जोडणी असते. पाते एक, मूठ दुसरी आणि म्यान तिसरे. पात्याला धार असते, पाठ असते, आणि मुठीजवळचा जो जाड, बिनधारेचा भाग त्याला खजिना म्हणतात. पात्यावर लांबच लांब पन्हळी असतात. त्या रक्त वाहून जावे म्हणून असतात असे लोक सांगतात, पण ते खरे नाही. पन्हळीने पात्याचे वजन कमी होते आणि ताठपणा राहतो. मुठीत हाताचे रक्षण करणारी वाकडी पट्टी म्हणजे परज. मुठीच्या माथ्यावर वाटीसारखी तबकडी आणि तिच्यावर मोगरा. म्यानाच्या तोंडाशी जे धातूचे टोपण असते ते मुहनाळ आणि टोकाशी असते ती तहनाळ. हे सगळे भाग एकाच कारागिराने, एकाच गावात, एकाच साली केले असतील असे मुळीच धरून चालू नये. पाते शंभर वर्षे जुने आणि मूठ त्याहून पुष्कळ नवी, असे नेहमी होते. पाते मोडले तर मूठ दुसऱ्या पात्याला बसवत. मुठीची तऱ्हा जुनी झाली तर तेच पाते नव्या मुठीत घालत.

हे समजायला मी तुम्हाला जरा लांब नेतो. थेट जर्मनीत. तिकडे जुन्या शिकारी तलवारी जमवणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे आणि मुठीचे साज वाचण्याची विद्या त्या लोकांनी चांगली वाढवली आहे. या तलवारीला ते हिर्शफेंगर म्हणतात. हिर्श म्हणजे सांबरासारखा मोठा हरिण. कुत्र्यांनी घेरलेले आणि दमून उभे राहिलेले जनावर जवळ जाऊन एका घावात संपवायचे, यासाठी हे आखूड, सरळ हत्यार. पाते साधारण हात-दीड हात लांब. आपल्याकडच्या नीमच्याशी त्याची लांबी जुळेल.

पुढे शिकारीची रीत बदलली, बंदुका सुधारल्या आणि या तलवारीचे काम संपत आले. पण तलवार गेली नाही. ती दरबारी शिकाऱ्याची आणि सरकारी जंगल-अधिकाऱ्याची खूण बनली. काम कमी झाले तसा साज वाढला. मूठ सांबराच्या शिंगाची, क्वचित हस्तिदंताची. परजेखाली पितळेचा शिंपला आणि त्या शिंपल्यावर उठावाचे चित्र, कुत्रे रानडुकराच्या मागे लागलेत नाहीतर सांबर उडी घेते आहे. आडव्या दांडीची टोके हरणाच्या खुरासारखी. कुठे ओक झाडाची फळे. पात्यावर तेजाबाने कोरलेली नक्षी, कधी निळा रंग चढवून वर सोन्याचे पाणी. म्यानाला आणखी एक छोटा खण आणि त्यात शिकार सोलायची सुरी.

तिकडचा जाणता संग्राहक पाते हातात घेण्याआधी हे साज पाहतो. शिंपला ओतीव आहे की ठोकून केला आहे? त्याच्यावरचे चित्र हाताने उकरून साफ केले आहे की साच्यातून आले तसेच सोडले आहे? खुराचे टोक आणि शिंपला एकाच रंगाच्या पितळेचे आहेत का? शिंगाच्या मुठीवरच्या खिळ्यांभोवती हाताची जुनी चकाकी आहे, की भोक नवे पाडलेले दिसते? चार साज चार तलवारींचे काढून एक ‘अखंड’ तलवार उभी करणारे व्यापारी तिकडेही पुष्कळ आहेत. एकोणिसाव्या शतकानंतरच्या तलवारींवर कारखान्याची खूण असते. खार दिसली तर आइकहोर्न, कारण जर्मन भाषेत त्या नावाच्या जवळचा शब्द खारीचा आहे. राजाचे मुंडके आणि सरदाराचे शिरस्त्राण शेजारी शेजारी दिसले, तर वायर्सबर्ग आणि किर्शबाउम ही दोन घराणी १८८३ साली एक झाली त्यानंतरचा माल. म्हणजे नुसत्या खुणेवरून ‘हिच्या आधीची नाही’ असे ठामपणे सांगता येते.

आता तुम्ही म्हणाल, सांबराच्या शिंगाच्या या जर्मन मुठींशी आमच्या कराड-वाळव्याचा काय संबंध? संबंध आहे आणि तो जवळचा आहे. कारण या तलवारींची पाती ज्या गावात होत, त्याच गावातली पाती आपल्या मराठी मुठींतही बसली आहेत. त्या गावाचे नाव झोलिंगेन. ऱ्हाईन नदीच्या प्रदेशात, वुप्पर नावाच्या लहान नदीकाठी ते आहे. नदीच्या वेगवान पाण्यावर सहाणेची चाके फिरत. घडणारा वेगळा, पाणी देणारा वेगळा, धार लावणारा वेगळा, अशी कामाची वाटणी आणि कारागिरांच्या पंचायती. मध्ययुगापासून हे गाव युरोपभर पाती पुरवत आले. आजही तिथे पात्यांचे मोठे संग्रहालय आहे, आणि गावाचे नाव कुणीही वाटेल त्या सुरीवर घालू नये म्हणून जर्मनीत कायदा आहे.

आपल्याकडे परदेशी पात्याला सरळ शब्द होता, फिरंग. फिरंग्यांकडून आलेली ती फिरंग. ही पाती पोर्तुगिजांच्या जहाजांतून गोव्याला उतरत. इंग्रज कंपनीने सतराव्या शतकाच्या आरंभी सुरतेला व्यापार मांडला तेव्हा तिच्याही मालात तलवारीची पाती होती. बंदरात नुसती पाती येत, मूठ नसलेली. ती बाजारात विकली जात, बैलांवर लादून घाट चढत, आणि देशावरचे कारागीर त्यांना आपल्या हाताला मानवेल अशी मूठ बसवत. म्हणून फिरंग ही धड परकी नाही की धड देशी नाही. पाते परमुलखाचे, मूठ घरची. जुन्या हत्यारांच्या यादीत ‘आलेमानी’ अशीही एक तलवार येते. पोर्तुगीज भाषेत जर्मन माणसाला आलेमांव म्हणतात, हे लक्षात घेतले की नावाचा उलगडा होतो.

आपल्याकडे चांगले पोलाद नव्हते म्हणून हे घडले, असे मात्र समजू नका. दक्षिणेतले पोलाद जगभर नावाजलेले होते. दमास्कसच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या पात्यांना तेच पोलाद लागे. पण ते कडक होते. त्याच्या वाकड्या समशेरी नामी होत. लांब, सरळ, वाकवले तर वाकेल आणि सोडले तर पुन्हा सरळ होईल असे पाते करण्यात युरोपातल्या कारागिरांचा हात बसला होता. घोड्यावरून लांबचा घाव घालायला आणि भोसकायला ते सोयीचे. मराठ्यांची धोप पाहा, सरळ आणि निमुळती. दांडपट्टा पाहा, कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ आणि पुढे लवचीक पाते. जुन्या पट्ट्यांत युरोपी पाती पुष्कळ सापडतात, ती याच कारणाने.

या बाबतीत साताऱ्याचा आणि कोल्हापूरचा दाखला सर्वांना ठाऊक असावा असा आहे. ग्रँट डफ हा १८१८ नंतर साताऱ्याला इंग्रजांचा प्रतिनिधी होता. त्याने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात छत्रपतींच्या घराण्यात पूजली जाणाऱ्या भवानी तलवारीचा उल्लेख केला आहे आणि तिचे पाते जिनोआचे, म्हणजे इटलीतले, असल्याचे म्हटले आहे. दुसरी तलवार करवीरच्या छत्रपतींकडची, जगदंबा म्हणून ओळखली जाते ती. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड बादशहा, १८७५-७६ साली हिंदुस्थानात आला तेव्हा ती त्याला नजर झाली आणि आता ती इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. तिचे पाते सरळ, युरोपी आहे. त्यावर आय, एच, एस ही तीन रोमी अक्षरे तीनदा उमटवलेली आहेत. ही येशूच्या नावाची खूण. युरोपातले पातेवाले ती शुभचिन्ह म्हणून मारीत, जसे आपण पत्राच्या वर ‘श्री’ लिहितो.

काही जणांना हे ऐकून वाईट वाटते. आमच्या राजाची तलवार परकी कशी? तसे वाटण्याचे कारण नाही. आपल्या फौजांत अरबी घोडे होते आणि ते घोडे परके होते म्हणून त्यांवरचा स्वार परका होत नव्हता. जे उत्तम मिळेल ते घ्यावे, आपल्या हाताला जुळवून घ्यावे आणि आपल्या कामाला लावावे, यात शहाणपण होते. त्या पात्याला मूठ कुणी बसवली आणि ती कुणाच्या हातात होती, हे विसरून चालणार नाही. पण पाते कुठले, हे लपवण्याचेही कारण नाही.

आता खुणांकडे वळू. तुमच्या घरची तलवार फिरंग आहे का, हे पाहायचे तर दिवसाच्या उजेडात खिडकीशी जा आणि पाते तिरके धरा. मुठीपासून वीतभर अंतरात दोन्ही बाजूंना नीट पाहा. पन्हळीत अक्षरे दिसतील, किंवा छोटा ठसा. धावणारा लांडगा असेल तर तो जर्मन मुलखातला मानतात. ही खूण आधी पासाऊ गावची, मग झोलिंगेनकरांनी उचलली. लांडगा म्हणजे काय, चार-सहा रेघा असतात. जनावर ओळखायला थोडी कल्पना चालवावी लागते. समोरासमोर दोन कोयत्यांसारख्या कमानी आणि त्यांना दातेरी कड असेल, तर ती खूण जिनोआच्या नावाने प्रसिद्ध आहे. कधी ‘आंद्रेआ फेरारा’ असे नाव असते. हा सोळाव्या शतकातला इटलीतला एक नामांकित कारागीर.

पण इथे थांबा आणि घाईने निकाल देऊ नका. खूण म्हणजे पुरावा नव्हे, खूण म्हणजे दावा. फेरारा एकटा इतकी पाती शंभर जन्मांत करू शकला नसता. त्याचे नाव चालते हे पाहून झोलिंगेनकरांनी ते शेकडो पात्यांवर मारले. जिनोआच्या कोयत्या जर्मनांनी उचलल्या, काकेशस पर्वतातल्या लोकांनी उचलल्या आणि आपल्या लोहारांनीही उचलल्या. गिऱ्हाइकाला ती खूण म्हणजे चांगल्या मालाची खात्री वाटे, म्हणून देशी पात्यावरही ती येई. तेव्हा खुणेबरोबर आणखी तीन गोष्टी जुळताहेत का ते बघावे. पाते सरळ, पातळ आणि लवचीक आहे का? पन्हळी अरुंद, एकसारख्या आणि नेमक्या जागी थांबणाऱ्या आहेत का? आणि मुठीतून निघून पात्याच्या दोन्ही अंगांवर थोड्या अंतरापर्यंत गेलेल्या, खिळ्यांनी जखडलेल्या आधाराच्या पट्ट्या आहेत का? लवचीक परदेशी पाते मुठीशी डगमगू नये म्हणून आपले कारागीर त्या बसवत. अशा पट्ट्यांखाली कधी कधी मूळ ठसा झाकलेला असतो. म्हणून काय त्या काढून बघायच्या? अजिबात नाही. त्या पट्ट्या हाही इतिहासच आहे.

मूठ वाचताना जर्मन संग्राहकाची नजर उसनी घ्यावी. देशी पात्याचे शेपूट आखूड असते. ते मुठीच्या पोकळीत घालून लाख-राळेच्या मिश्रणाने पक्के करतात. मुठीच्या तोंडाशी ही लाख जुनी, काळवंडलेली, तडकलेली दिसली तर चांगले लक्षण. ताजी, चकचकीत दिसली तर पाते अलीकडे बसवले आहे असे समजावे. मुठीवर सोन्याचांदीचे काम असेल तर भिंग घ्या. खऱ्या कोफ्तगिरीत लोखंडावर आधी बारीक आडव्या-उभ्या रेघा ओढून ते खरखरीत करतात आणि मग तार ठोकून बसवतात. सोने झिजले तिथे त्या रेघा उघड्या दिसतात. नुसता सोनेरी रंग दिला असेल तर खाली गुळगुळीत लोखंड दिसते. वाटीच्या वर आकडीसारखा लांब दांडा असेल तर ती खांड्याच्या जातीची मूठ. जोरदार घावाला दुसरा हात त्या दांड्यावर येई. वाटीवर फूल आहे की सूर्य, परजेचे टोक कमळाच्या कळीचे आहे की पोपटाच्या चोचीचे, हे टिपून ठेवावे. अशा शंभर मुठी टिपल्या की कुठल्या भागात कुठली तऱ्हा चालत होती, ते आपोआप डोळ्यांपुढे येऊ लागते.

ही विद्या ज्यांच्या हातात होती ते लोक म्हणजे शिकलगार. हत्याराला धार लावणे, पाणी राखणे, मूठ जखडणे हे त्यांचे पिढीजात काम. या बाजूच्या गावोगावी हे आडनाव आजही ऐकू येते. १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले, १८५७ नंतर ठिकठिकाणी लोकांची हत्यारे काढून घेतली गेली, १८७८ चा शस्त्र कायदा आला. हत्याराचा धंदा बसला. मग या हातांनी काय केले? मिरजेत जाऊन पाहा. तिथले सतार-तंबोरे देशभरातल्या गवयांच्या बैठकीत असतात. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. ही तंतुवाद्ये करणाऱ्या घराण्यांचे मूळपुरुष शिकलगार होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी या कामाला सुरुवात केली, अशी तिथली परंपरा आहे. तलवारीचा तोल जोखणारा हात भोपळ्याकडे आणि तारेकडे वळला. संगीताचा फायदा झाला. पण तलवार वाचणारी माणसे गावोगाव कमी झाली, आणि तेव्हापासून घरच्या तलवारी जाणत्या हाताशिवाय राहिल्या.

याचा परिणाम आपण दर खंडेनवमीला पाहतो. भक्तिभावाने तलवार बाहेर काढायची, चिंच आणि विटेची भुकटी लावायची आणि लख्ख होईपर्यंत घासायची. हल्ली सँडपेपरही आला आहे. लोखंड चमकते, घरच्यांना बरे वाटते. पण प्रत्येक घासणीबरोबर कोफ्तगिरीची एखादी पाकळी जाते, ठशातल्या लांडग्याचा एखादा पाय जातो. पोलादी पात्यावरचे पाण्यासारखे जौहर पुसट होते. जी अक्षरे तीनशे वर्षे टिकली ती तीस दसऱ्यांत संपतात. म्हणून हात जोडून सांगतो, पूजा जरूर करा, पण घासू नका. मऊ कापडाने धूळ पुसा. शिलाईच्या यंत्राला घालतात ते हलके तेल कापडावर घेऊन अगदी पातळ हात फिरवा. खोबरेल किंवा गोडेतेल लावू नका. ते कालांतराने चिकट होऊन धूळ धरते. हळदकुंकू पात्यावर न लावता मुठीला बांधलेल्या दोऱ्याला किंवा खालच्या पाटाला लावा आणि पात्याला लागलेच तर त्याच दिवशी पुसा. कुंकू ओल धरते आणि ओलीने गंज येतो. पाते उघड्या हाताने धरू नका, घामातले मीठ बोटांचे ठसे गंजाने उमटवते. लाल, भुरभुरणारा गंज चालू असतो, त्याला तेलाने थांबवावे. काळपट, घट्ट थर म्हणजे म्हातारपणाची सावली, तिला हात लावू नये.

आणखी एक. तलवार म्यानात ठेवून विसरू नये. म्यान लाकडाचे, वर मखमल किंवा चामडे. महाबळेश्वरापासून खाली येणाऱ्या पावसाच्या पट्ट्यात हे म्यान चार महिने ओल पिते आणि पात्याला पाजते. पावसाळ्यात पाते बाहेर, तेल लावून, कापडात ठेवावे आणि म्यान शेजारी वेगळे ठेवावे. सांगलीकरांना तर कृष्णेचा अनुभव आहेच. २०१९ च्या ऑगस्टात पाणी शहरात शिरले तेव्हा तळमजल्यावरचे काय काय गेले, ते ज्याचे त्याला माहीत. अशा वेळी हत्यार सापडले तर चिखल स्वच्छ पाण्याने हलक्या हाताने धुवावा, लगेच कोरडे करावे, सावलीत वाळवावे आणि तेल द्यावे. चिखल वाळल्यावर खरवडत बसू नये. उन्हात ठेवून लाख वितळवू नये. आणि मुख्य म्हणजे ‘आता गंजलीच’ म्हणून मोडीत देऊ नये.

मोडीचा धोका खरा आहे. घर वाटणीला निघते, वाडा पडतो, भाऊ शहरात जातात. मग पितळेची मूठ एका किमतीला, लोखंडी पाते दुसऱ्या किमतीला. म्यानाच्या चांदीची मुहनाळ-तहनाळ आधीच सोनाराकडे गेलेली असते. तुकडे बाजारात फिरतात आणि कुणीतरी ते भलत्याच जोडीला जोडतो. मूठ आणि पाते यांची संगत तुटली की दोघांचीही ओळख संपते. तलवार राखणे झेपत नसेल तर ती अखंड द्या, म्यानासकट द्या आणि शक्यतो संग्रहालयाला द्या. साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय आहे, कोल्हापूर आणि पुणेही लांब नाही.

ज्यांना विकत घेऊन जमवायचे आहे त्यांनी आधी दोन वर्षे नुसते पाहावे. बाजारात नव्या जुन्या तलवारी पुष्कळ आहेत. ओतीव पितळी मुठीवर साच्याच्या जोडाची रेघ दिसते. तेजाबात बुडवून आणलेला गंज सगळीकडे सारखा असतो, खऱ्या गंजाला जागा-जागा असतात. पात्यावर थोर पुरुषाचे नाव ठळक, आजच्या छापील वळणाच्या अक्षरांत कोरलेले असेल, तर सरळ नमस्कार करून उठावे. कायद्याचेही भान हवे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या नियमांत नऊ इंचांहून लांब पात्याची हत्यारे येतात आणि सरकारने अधिसूचना काढलेल्या भागात त्यांना परवाना लागतो. तेव्हा आपल्या भागात काय लागू आहे ते पोलीस ठाण्यात आधी विचारून घ्यावे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू ही १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही.

पण खरा संग्रह पैशाने होत नाही, वहीने होतो. एक जाड वही करा. प्रत्येक तलवारीला एक पान. लांबी, मुठीजवळची रुंदी, पन्हळी किती, वजन किती. ठशावर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकेच फिरवा, ठसा कागदावर येतो. मूठ, परज, वाटी, मोगरा, मुहनाळ, तहनाळ यांचे एकेक छायाचित्र, तिरक्या उजेडात. आणि घरातली हकिकत. ती कुणी सांगितली, त्यांचे वय काय, कोणत्या साली सांगितली, हे सगळे लिहा. हकिकत खरी की खोटी, हे त्या पानावर ठरवू नका. सांगितलेले एका रकान्यात आणि दिसलेले दुसऱ्या रकान्यात, एवढे पथ्य पाळा.

हे पथ्य मोठमोठ्या संग्रहालयांनाही पाळावे लागते. १९ जुलै २०२४ रोजी साताऱ्याच्या संग्रहालयात लंडनहून आलेली वाघनखे लोकांसाठी मांडली गेली. ती पाहायला लोक लोटले. ती ग्रँट डफला साताऱ्यात मिळाली, असे तिच्या पेटीवरच्या मजकुरावरून समजते. प्रतापगडावर अफझलखानाच्या भेटीत वापरलेली ती हीच का, हे मात्र सिद्ध करता येत नाही, असे ती ज्यांच्याकडे आहे त्या लंडनच्या संग्रहालयानेच सांगितले आहे. म्हणून ती पाहण्याचा आनंद कमी होत नाही. डफच्या वेळी कुणी चार ओळी अधिक लिहून ठेवल्या असत्या, कुणाच्या घरून आली, कुणी दिली, कुणाचे काय म्हणणे होते, तर आज दोनशे वर्षांनी एवढा वाद उरला नसता.

तशा चार ओळी आज आपण लिहू शकतो. आपल्या घरच्या तलवारीबद्दल सांगणारी आजी अजून आहे, काका अजून आहेत. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे १९४९ पर्यंत एकच होते. नंतर काही वर्षे सांगलीचे नावही दक्षिण सातारा असे होते. या एका मुलखात वुप्परच्या काठचे पाते आणि कृष्णेच्या काठची मूठ एकत्र आली आणि नांदली. येत्या खंडेनवमीला तलवार खाली काढाल तेव्हा विटेची भुकटी आणू नका. वही, पेन्सिल आणि भिंग आणा. मुलांना जवळ बसवा आणि लांडगा शोधायला सांगा. सापडला तर उत्तम. नाही सापडला तर तेही वहीत लिहून ठेवा.